लिव्हर फ्लूकवर हर्बल औषध: अनुभव (५ पैकी २ स्टार)

आम्ही घोटीच्या बाजूचे. दोन डांगी गाई, एक म्हैस, चरायला भाताची खाचरं नाहीतर ओढ्याकाठचं गवत, त्यामुळे दिवाळी झाली की एखादं जनावर खंगतंच. यंदा धाकट्या गाईचा नंबर लागला, शेण पातळ, केस उभे, आणि संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली लिबलिबीत सूज, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले फ्लूक असणार, यकृतातला चपटा पानासारखा जंत.

तेवढ्यात नाशिकला काम निघालं तर तिथल्या एका दुकानात ही बाटली दिसली, लिटरला ४२० रुपये. वावडिंग, कपिला, पळसबी, कडुलिंब, लसूण, सुंठ, आणि वर मोठ्या अक्षरात 'सर्व प्रकारच्या जंतांवर'. दुकानदार म्हणाला, काका दूध एक दिवस पण फेकावं लागणार नाही, आणि खरं सांगतो मी तिथेच गळाला लागलो, कारण घरचं दूध डेअरीला जातं.

५० मिली रोज, ५ दिवस पाजलं. वास उग्र पण गाईने फार त्रास दिला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून वैरण संपवायला लागली हे कबूल करतो, एक स्टार त्याचाच. दुसरा स्टार बाटलीच्या झाकणाला, गळत नाही.

पण सूज हलेना. पंधरा दिवसांनी शेण घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शेण पाण्यात कालवून गाळणीतून ग्लासात गाळलं, थोडं थांबून वरचं पाणी ओतून दिलं, परत पाणी घातलं, असं तीन-चार वेळा. फ्लूकची अंडी जड असतात, तळाला बसतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवून बघायच्या तपासणीत ती निसटतात म्हणे. मग तळाच्या गाळात निळ्या रंगाचा एक थेंब टाकून मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. चोथा सगळा निळा आणि त्यात सोनेरी पिवळी अंडी, एक नाही, मोजत बसावं इतकी.

मी विचारलं मग वावडिंग वगैरे सगळं खोटं का? तर नाही म्हणाले, वावडिंग, कपिला आतड्यातल्या जंतांसाठी जुन्या काळापासून वापरात आहेत, पण फ्लूक बसतो पित्तनलिकेत. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत फ्लूक थेट अर्कात बुडवला की मरतो, असं बऱ्याच वनस्पतींचं दिसलंय, पण गाईच्या कोठीपोटात (पोटाचा पहिला मोठा कप्पा) एवढा चारा-पाणी, त्यात ५० मिली जाऊन यकृतापर्यंत पोचणार किती? हे बाटलीवर कोण लिहिणार!

शेवटी ऑक्सिक्लोझानाइड हे फ्लूकचं औषध दिलं, वजन अंदाजून. दुधाचं काय करायचं ते आधीच विचारून घेतलं, तुम्ही पण विचारा, सगळीच फ्लूकची औषधं दुभत्या जनावराला चालत नाहीत. सूज हळूहळू उतरली आणि तीन आठवड्यांनी गाळात अंडी नव्हती. पण हे मोठ्या फ्लूकलाच मारतं, कोवळे यकृतात वाढत राहतात म्हणून दुसरा डोस कधी ते लिहून दिलंय. आणि ओढ्याकाठी सोडणं बंद, तिथल्या पाण्यातल्या गोगलगायीतूनच हे गवतावर येतं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला कोर्स तीन महिने करायचा होता. बाटलीवर ५ दिवस छापलंय, भाऊ!

उरलेली बाटली म्हशीला भूक मंदावली की देतो. संपली की परत आणणार नाही, ४२० रुपयांत सुंठ-ओवा वर्षभर पुरतो.