जुनी करिझ्मा घरी इलेक्ट्रिक करायची, मान्यतेचं किट बसवायचं की सरळ नवीन घ्यायची?

परवा भाच्याचा फोन आला, मामा माझ्या करिझ्मा मोटरसायकलच्या इंजिनचं काम निघालंय, त्यात पैसे घालण्यापेक्षा तुम्ही घरी तुमची केली तशी इलेक्ट्रिक करून टाकू का? फोनवर सांगून संपेना म्हणून सगळं लिहूनच काढलं, कारण हाच प्रश्न आणखी चार पोरं विचारतात.

पहिलं कायद्याचं, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे लिहिलंय त्यात मनाने मोठा बदल करता येत नाही. पेट्रोलची इलेक्ट्रिक करायला परवानगी आहे, पण किट एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने तपासून मंजूर केलेलं लागतं आणि ते अधिकृत माणसानेच बसवावं लागतं, मग आरटीओत आरसीवर इंधन बदलून मिळतं. घरी बनवलेली गाडी कितीही चांगली झाली तरी यात बसत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करणार. माझी गाडी म्हणूनच मळ्यातल्या रस्त्यावरच फिरते, डांबरीवर नाही.

मान्यतेच्या किटचं काय, तर मान्यता ठराविक मॉडेलपुरती असते. ठाण्याच्या गोगोएवनने २०२१ मध्ये स्प्लेंडरसाठी किट आणलं, मागच्या चाकात हब मोटर. घरची स्प्लेंडर गावात फिरवायची असेल तर हा रस्ता मला पटतो. करिझ्मासारख्या गाडीला मात्र हब मोटर बसवून मजा राहत नाही, पंधरा किलोच्या आसपासचं वजन चाकातच जातं, मग खड्ड्यात मागचं चाक दणके देतं आणि वळणावर गाडी जड वाटते. इंजिनच्या जागी मोटर बसवून चेनने चाक फिरवायचं, ज्याला मिड-ड्राइव्ह म्हणतात, ते स्पोर्ट गाडीला बरोबर, कारण वजन मूळ जागीच राहतं आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलून पिकअप की टॉप स्पीड हे आपण ठरवतो.

पण काम तिथेच वाढतं. १०० च्या स्पीडला सतरा-अठरा इंची मागचं चाक मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फिरतं, मोटर फिरते साडेचार हजाराने, म्हणजे पाचाला एक असं रिडक्शन पाहिजे. मी आधी घाईत जुनंच मागचं स्प्रॉकेट ठेवलं, तर चढावर गाडी हलेना आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, हात लावता येणार नाही इतका तापला. मग लेथवाल्याकडून मोठं स्प्रॉकेट करून घेतलं. मोटरचा माउंट दहा एमएमच्या अॅल्युमिनियम प्लेटचा, इंजिनच्या मूळ बोल्टांच्या भोकांवरच घेतला, फ्रेमला वेल्डिंग लावलं नाही आणि लावूही नका.

बॅटरीत दोन पर्याय, एनएमसी की एलएफपी, दोन्ही लिथियमचेच प्रकार. एनएमसी हलकी, त्याच जागेत जास्त किलोमीटर देते, पण बिघडली तर पेट लवकर घेते. घरी जोडणाऱ्याने एलएफपीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, जड असली तरी. मी ५० अँपिअर-अवरचे २४ सेल एका ओळीत जोडले, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे ७६.८ व्होल्ट आणि ३.८४ युनिट वीज. ऐकायला भरपूर वाटतं, पण एक लिटर पेट्रोलमध्ये ९ युनिटच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे अख्खा पॅक अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. मोटर त्यातलं फार कमी वाया घालवते म्हणून तर गाडी चालते. चाळीस-पन्नासच्या स्पीडला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर मिळतात, ऐंशीच्या पुढे ठेवली की साठावर येते.

सेल जोडताना बसबारच्या, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, नटवर पाना फिरवत होतो, पान्याचं दुसरं टोक शेजारच्या टर्मिनलला टेकलं. ठिणगी उडाली आणि पान्याचा कोपरा तांदळाएवढा वितळून गेला, तेही दोनच सेल मध्ये होते म्हणून. त्या दिवसापासून पान्याला इन्सुलेशन टेप, हातात अंगठी-घड्याळ नाही आणि पोरांना खोलीत येऊ देत नाही.

नवीन गाडीकडे बघा. रिव्होल्ट आरव्ही४०० ची बॅटरी ३.२४ युनिटची आणि टॉप स्पीड ८५, अल्ट्राव्हायलेट एफ७७ माक २ एप्रिल २०२४ मध्ये २ लाख ९९ हजारांपासून आली, तिला ७.१ नाहीतर १०.३ युनिटची बॅटरी. माझे मोटर, कंट्रोलर, सेल, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), चार्जर आणि लेथवाला धरून सव्वा लाखाच्या वर गेले आणि आठ महिन्यांचे रविवार गेले, वॉरंटी कशाचीच नाही. पैसे वाचवायला हे करू नका, वाचत नाहीत. गाडी आतून समजून घ्यायची असेल तर मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, मला हे काम मनापासून आवडलं.

भाच्याचं रोजचं कात्रज ते हिंजवडी, जाऊन-येऊन पन्नासच्या वर, तेही बायपासवर ऐंशीच्या स्पीडने. माझ्या पॅकवर तो संध्याकाळी वारज्याच्या पुढे धास्तावत येणार. त्याला मी सांगितलं, रोजच्याला नवीन घे नाहीतर करिझ्माचं इंजिन नीट करून घे, आणि तरी इलेक्ट्रिकच करायची असेल तर दिवाळीत गाडी मळ्यावर आण, आपण दोघं करू. येताना इंजिनच्या जागेचं माप घेऊन बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठ्याचा नमुना बनवून आण, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि दोघं बसून बघ कुठे घासतो का. सेलचे पैसे त्यानंतरच भर.