थंडीला टिकणारा अनंत आणि सोलापूरचं जोतं

सोलापुरात बसून थंडीला टिकणारं अनंताचं (गार्डेनियाचं) फुलझाड विचारणाऱ्या माणसाला लोक हसणारच. होटगी रोडच्या नर्सरीतल्या मामांनी तर तोंडावरच विचारलं, "मास्तर, थंडी कुठंय ओ आपल्याकडं? गड्ड्याच्या जत्रेपुरता स्वेटर काढतो आपण." पण माझी चौकशी दोन घरांसाठी होती. लेकीनं नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेला, घर घेतलंय. तिथं घराच्या पायालगत झुडपांची रांग लावायची पद्धत आहे आणि तिला आईच्या आठवणीनं अनंतच हवा होता. इकडं जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचं जोतं उघडंबोडकं दिसतं म्हणून मलाही तेच करायचं होतं. तेव्हा हा रिव्ह्यू दोन्हीकडच्या रोपांचा आहे.

लेकीचं आधी उरकतो, कारण तिचं सोपं होतं. तिच्या भागात हिवाळ्यातली सगळ्यात गार रात्र साधारण उणे १२ ते उणे ९ अंशांत जाते. त्यामुळं तिथं अनंत घेताना पहिली चौकशी थंडीची. क्लाइम्स हार्डी ही जात उणे १७ च्या आसपास टिकते. झुडूप दोन-तीन फुटांचं, फूल एकेरी, सहा पाकळ्यांचं. फ्रॉस्टप्रूफ दुहेरी फुलांची आणि जरा उंच. वसंतात उशिरा हिम पडलं तरी तिच्या कळ्या तग धरतात, म्हणून तसं नाव. चक हेज अर्धदुहेरी, थंडीला चांगली. रॅडिकन्स म्हणून एक बुटकी, पसरणारी जात दिसायला सगळ्यांत गोड, पण थंडीत ती आधी मान टाकते. लेकीच्या खिडक्या खाली आहेत, म्हणून मी क्लाइम्स हार्डी सुचवली. दुहेरी फुलाचा थाट तिला नाही, पण कोमेजलेलं एकेरी फूल दुहेरीसारखं तपकिरी बोळा होऊन फांदीला चिकटून राहत नाही. वायव्येचा वारा लागणार नाही अशी पूर्वेची भिंत धरली, वर पाइनच्या सालीचा थर दिला. तिथली लाल चिकणमाती मुळातच आंबट. अनंताला तीच लागते. तिचं काम झालं.

माझं तिथं सुरू झालं.

मी रंगमास्तर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईत, उमेदीची वर्षं गेली. पाण्याचा पीएच (आंबट-खारेपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) बघितल्याशिवाय माझा हात चालत नाही. रोप आणण्याआधी जोत्यालगतची माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून पट्टी बुडवली. साडेआठ! अनंताला पाच ते साडेसहा लागतो. आपली काळी माती चुनखडीचीच, त्यात जोत्याच्या कडेला बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो: सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे. पावसाचं आणि झाडाला घातलेलं पाणी त्यातून झिरपत राहतं. म्हणजे घराभोवती अनंतासाठी सगळ्यात वाईट जागा कुठली, तर नेमकी आपल्याला जी झाकायची असते तीच. हे मला एकाही नर्सरीत कुणी सांगितलं नाही. "शेणखत टाका, लोखंडाचा खिळा पुरा," एवढंच. खिळ्यानं काही होत नाही. चुनखडीच्या मातीत लोह भरपूर असतं, पण विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आता रोपांचं. तीन घेतली.

मामांकडचा दुहेरी अनंत, गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं), १५० रुपये. पिशवीतली माती साडेसहा निघाली, मुळं पिशवीत गोल फिरलेली नव्हती, पानामागं पिठ्या ढेकूण नाही. रोप असं मिळालं तर जास्त घासाघीस करू नये. बुटका अनंत, तिथलाच, १२० रुपये. पान बोटाच्या पेरासारखं बारीक, फूल लहान पण वासाला कमी नाही. अमेरिकेत थंडीमुळं मार खाणारी ही ठेवण आपल्याकडं जोत्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण दोन फुटांच्या वर जात नाही आणि खिडकी अडवत नाही.

तिसरं ऑनलाइन मागवलं. 'हार्डी अनंत, सर्व हवामानासाठी', ४९९ रुपये अधिक पाठवणावळ. विक्रेत्याचं नाव घेत नाही. खोकं उघडलं, पान जरा मोठं आणि पातळ वाटलं म्हणून देठ मोडून बघितला. पांढरा चीक टपकला. अनंताला चीक नसतो ओ! ही दुहेरी तगर. दोघांची पानं समोरासमोर, दोघांची फुलं पांढरी, फोटोत भलेभले फसतात. म्हणून सांगतो, नर्सरीत एक पान मोडून बघायला लाजू नका. अनंताची आणखी खूण म्हणजे पानांच्या जोडीमध्ये खोडाला धरून बसलेली बारीक खोळ. विक्रेत्यानं आधी "फूल आल्यावर कळवा" म्हटलं, आणि फूल आल्यावर कळवलं तेव्हा परतीची मुदत संपली होती.

लावणीचं माझं तंत्र डाइंगमधलंच आहे. निळा पिंप मधोमध कापला, तळाला भोकं पाडली आणि भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून पूर्वेला ठेवला. काळी माती पाण्यानं फुगते, सुकली की आकसते. जोत्याला खेटून रोज पाणी मुरवायला नको, असं आमचा इंजिनिअर भाचा म्हणतो, तेही यात साधलं. पिंपात लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट धुवायचंच, त्यात मीठ असतं. पिंप दिसू नये म्हणून पुढं आमच्या हिचं गवती चहाचं बन आहे.

पाण्याचं काय? नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. बोअरचं पाणी क्षारांनी असं जड की त्यात कापडाला शेड एकसारखी बसायची नाही, आणि आरओचं टाकाऊ पाणी त्याहून वाईट. बोअरच्या बादलीत पट्टी साडेसहावर येईतो सायट्रिक ॲसिड टाकतो. उन्हाळ्यात एसीच्या नळीखाली बादली लावतो. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि ते मिळतंही नेमकं एप्रिल-मेमध्ये. लोहासाठी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं विरघळतं राहणारं) घ्या, पण पुडीवर ईडीडीएचए हा प्रकार लिहिलेलंच. तांबूस-काळी पूड असते. ईडीटीए हा दुसरा प्रकार स्वस्त, पण आपल्या मातीत टिकत नाही. आपल्याकडं द्राक्षबागा गावोगाव असल्यानं दुकानदाराला हे समजावावं लागत नाही.

निकाल असा. बुटक्याला पाचपैकी साडेचार. संक्रांतीच्या गार रात्रींत कळ्या धरल्या, फेब्रुवारीअखेर फुलला, पावसाळ्यात पुन्हा. दुहेरीला साडेतीन. फूल लांबून ओळखू येईल असं, वास अंगणभर, पण एप्रिलचा झोत लागला की टपोऱ्या कळ्या न उमलता पिवळ्या होऊन गळतात. दुपारी हिरवी जाळी बांधली आणि पाण्यात खंड पडू दिला नाही तेव्हा गळ कमी झाली, थांबली नाही. पश्चिमेच्या भिंतीला हे दोन्ही लावूच नका, मेमध्ये पानं कडेनं भाजतात.

जाता जाता रंगाऱ्याची एक गोष्ट. अनंताच्या पिकलेल्या फळात केशरातलंच रंगद्रव्य असतं, जपानात त्यानं मुळ्याचं लोणचं पिवळं करतात. दुहेरीला फळ सहसा धरत नाही, एकेरीला धरतं. लेकीला पाठवायला सांगितलंय.

आणि ज्यांना पट्ट्या, ॲसिड, बादल्या यातलं काहीच करायचं नाही, त्यांनी डिकेमाली बघावी. अनंताचीच आपल्याकडची बहीण, कोरड्या माळरानातली, कळीच्या टोकाला डिंक येतो तीच. फक्त तिचं लहान झाड होतं, खिडकीखाली नको, कुंपणाच्या कोपऱ्यात लावा. मामांना सांगितलं की मागवून देतात. माझं आलं ते ८० रुपयांना. ऑनलाइनवाल्याला शून्य. तगरीचा मात्र काही दोष नाही, पश्चिमेच्या भिंतीला बोअरच्या पाण्यावर ती माझ्या कमरेला लागलीय.