आरोल्सेन अर्काइव्हजची ऑनलाइन सेवा: नांदेडहून वापरताना

जर्मनीतील बाड आरोल्सेन या छोट्या गावी असलेल्या ‘आरोल्सेन अर्काइव्हज’ या संस्थेचा संग्रह घरबसल्या पाहता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि खाते उघडण्याचीही गरज नाही. नाझी राजवटीच्या सुमारे पावणेदोन कोटी पीडितांविषयीची माहिती येथील जवळपास ३ कोटी कागदपत्रांत आहे. बेपत्तांचा शोध आणि भरपाईच्या दाव्यांसाठी लागणारे दाखले एवढ्यापुरतेच दीर्घकाळ वापरले गेलेले हे दप्तर संशोधकांना मात्र २००७ साली खुले झाले.

कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळताना कागद सापडला तरी तो वाचणारा जाणकार मिळेपर्यंत काम कसे अडते, हे मराठवाड्याने नुकतेच अनुभवले आहे. येथे ती उणीव ‘ई-गाइड’ने भरून काढली आहे. छळछावणीतील बंदिवानाचे कार्ड उघडावे, त्यावरील एखाद्या रकान्यावर टिचकी मारावी, म्हणजे तो रकाना कोणी व कशासाठी भरला याचा खुलासा समोर येतो. जन्मतारीख, धर्म, व्यवसाय, केसांचा रंग, खाली सही: इतक्या काटेकोर कारकुनीकडे पाहताना अस्वस्थ व्हायला होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

शोधयंत्रणा मात्र चिकाटीची परीक्षा पाहते. एकाच आडनावाची चार-पाच स्पेलिंगे करून पाहावी लागतात, मोबाइलवर कार्ड नीट वाचता येत नाही आणि मराठी-हिंदीची सोय नाही.

त्याहून मोठी मर्यादा इतिहासाचीच आहे. संहार छावण्यांत उतरताच मारल्या गेलेल्या बहुसंख्य ज्यूंची तेथे नोंदच झाली नाही. त्यांच्यासाठी जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेकडील, नातलगांनी भरलेल्या साक्षपत्रांचा संग्रह पाहावा लागतो. बंदिवानांची घड्याळे, अंगठ्या व छायाचित्रे कुटुंबीयांना परत करण्याचा या संस्थेचा उपक्रम स्तुत्य आहे, पण त्यात ज्यूंच्या वस्तू अगदी विरळ आहेत, कारण त्यांच्याकडचे सारे आधीच लुटले गेले होते. अशा लुटीतील कलाकृतींचा शोध आणि न्याय्य तोडगा यांसाठी १९९८ मध्ये ४४ देशांनी ‘वॉशिंग्टन तत्त्वे’ मान्य केली, पण ती कायद्याने बंधनकारक नाहीत.

महाविद्यालयात वापरायची असल्यास ही सेवा मोठ्या पडद्यावर, ई-गाइडपासूनच सुरू करावी. विद्यार्थ्यांना ‘एव्हरी नेम काउंट्स’ या उपक्रमात कार्डांवरील नावे संगणकावर उतरवण्याचे कामही देता येते, आणि त्यासाठी जर्मन येण्याची अट नाही.