पॅकेटच्या लांबीसाठी एकसारखी नावं: मृग बागेपासून आतापर्यंतच्या वापराचा अनुभव

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांत ठिबकचे व्हॉल्व्ह आणि पंपाचे पॅनेल चालवणारा गेटवे (शेतातली उपकरणं सर्व्हरशी जोडणारा डबा), त्याचा सी भाषेतला कोड. खालच्या बाजूला मॉडबस (पॅनेलशी बोलायचा प्रोटोकॉल), वरच्या बाजूला एमक्यूटीटी (सर्व्हरशी संदेशांची देवाणघेवाण करायचा) आणि मध्ये मोबाइलचं सिम. या कोडमध्ये पॅकेटच्या लांबीच्या व्हेरिएबलना नावं देण्याचा एक नियम मृग बागेच्या (जून-जुलैतल्या) लागवडीच्या सुमारास लावला, तो अजून चालू आहे. कोड जळगावात लिहायचा आणि बिघाड सातपुड्याच्या पायथ्याशी शोधायचा, अशा कामात नियम कामाचा आहे की नुसता शोभेचा, हे लवकर कळतं. (कोडमध्ये नावं रोमन लिपीतच आहेत, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

नियम असा: नुसतं ‘लेन’ हे नाव कुठेही ठेवायचं नाही. कोणत्या थराची लांबी, त्यातल्या कोणत्या भागाची, आणि तो आकडा आला कुठून, हे नावातच दिसलं पाहिजे. समोरच्याने पॅकेटात लिहून पाठवलेला आणि अजून न तपासलेला आकडा असेल तर शेवटी ‘_वायर’. रिसीव्ह कॉलने परत दिलेला, म्हणजे खरोखर हातात पडलेल्या बाइटांचा आकडा असेल तर ‘_गॉट’. शेपूट नसेल तर तो आकडा तपासलेला आणि होस्टच्या (म्हणजे आपल्या मशीनच्या) बाइट-क्रमात आणलेला आहे असं धरायचं. ‘लेन’ म्हणजे कायम बाइट. बफर किती मोठा आहे त्याला ‘कॅप’, आणि बाइट सोडून दुसऱ्या कशात मोजलं असेल तर ‘वर्ड्स’ किंवा ‘काउंट’.

सगळ्यात जास्त फायदा मॉडबस टीसीपीमध्ये झाला, म्हणून ते जरा सविस्तर. याचं हेडर ७ बाइटांचं: ट्रान्झॅक्शन आयडी २, प्रोटोकॉल आयडी २, लेंग्थ २, युनिट आयडी १. गोम अशी की लेंग्थ फील्ड स्वतःच्या पुढचे बाइट मोजतं, म्हणजे युनिट आयडी हेडरमध्येही येतो आणि लेंग्थमध्येही मोजला जातो. पंपाच्या पॅनेलकडून १० रजिस्टर वाचले तर उत्तरात फंक्शन कोड १, बाइट काउंट १ आणि डेटा २०, असा २२ बाइटांचा पीडीयू (हेडर सोडून मूळ संदेश). लेंग्थ फील्डमध्ये २३. वायरवर एकूण २९. तीन आकडे, तिन्ही खरे, आणि जुन्या कोडमध्ये तिघांचंही नाव ‘लेन’!

अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे हेडरचे ७ अधिक लेंग्थचे २३ मिळून ३० बाइटांची वाट पाहणं. तिसावा बाइट येतच नाही, टाइमआउट होतो आणि दोष नेटवर्कवर जातो. त्याहून वाईट म्हणजे पुढचं उत्तर लगेच मागे आलेलं असतं, तेव्हा त्याचा पहिला बाइट गिळला जातो. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एका बाइटाने सरकलेलं, कनेक्शन तोडेपर्यंत. नियमानंतर हीच ओळ ‘एमबी_एडीयू_लेन = ६ + एमबी_लेंग्थ’ अशी लिहावी लागते (एडीयू म्हणजे वायरवरचं अख्खं पॅकेट), आणि ६ च्या जागी ७ दिसला की रिव्ह्यू करणारा तिथेच अडतो. ‘भो, हा लेन कुठला?’ हा रिव्ह्यूमधला रोजचा प्रश्न जवळपास बंद झाला.

‘_वायर’ या शेपटाचा खरा उपयोग या बेरजेच्या आधीच्या पायरीत आहे. लेंग्थ फील्डची वैध हद्द २ ते २५४: युनिट आयडीचा १ आणि पीडीयू कमीत कमी १, जास्तीत जास्त २५३. ही तपासणी झाल्याशिवाय ‘_वायर’ असलेला आकडा मेमकॉपीत (मेमरीतले बाइट उतरवणाऱ्या फंक्शनमध्ये), ॲरेच्या इंडेक्समध्ये किंवा वजाबाकीत दिसता कामा नये. दिसला तर डोळ्याला लगेच खटकतो. २०१४ मधला ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष मुळात याच जातीचा: समोरच्याने सांगितलेली पेलोडची (आतल्या मजकुराची) लांबी खरी धरली, प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डच्या लांबीशी ताडून पाहिली नाही. एका नावाने तो टळला असता असा दावा नाही, पण ‘पेलोड_लेन_वायर’ थेट मेमकॉपीत लिहिताना हात थबकतो.

एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो. पॅनेलला चुकीचा रजिस्टर पत्ता विचारला की तो अपवाद-उत्तर (चूक कळवणारं छोटं उत्तर) देतो. त्याचा पीडीयू २ बाइट, लेंग्थ ३, एकूण ९. मागणीवरून हिशेब करून २९ बाइटांची वाट पाहणारा कोड इथे लटकतो. म्हणून ‘एमबी_अपेक्षित_लेन’ हे नावच रद्द केलं. किती वाचायचं ते फक्त आलेल्या हेडरवरून ठरतं. आरएस-४८५ या सिरियल तारेवर जाणाऱ्या आरटीयूत (मॉडबसच्याच दुसऱ्या प्रकारात) तर लेंग्थ फील्डच नसतं, फ्रेम संपल्याचं साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखायचं (९६०० बॉडला साधारण ४ मिलिसेकंद). तेच उत्तर तिथे पत्ता १, पीडीयू २२ आणि सीआरसी (चूक पकडायचा तपास-आकडा) २ मिळून २५ बाइटांचं. ‘आरटीयू_एडीयू_लेन’ आणि ‘एमबी_एडीयू_लेन’ वेगळे ठेवले नाहीत तर ४ बाइटांचा घोळ ठरलेला.

वरच्या बाजूला एमक्यूटीटी. त्यातली ‘रिमेनिंग लेंग्थ’ फिक्स्ड हेडर सोडून उरलेलं सगळं मोजते, आणि ती स्वतः १ ते ४ बाइटांत लिहिली जाते, दर बाइटाला ७ बिट. ३.१.१ आवृत्तीत टॉपिक २० बाइट, क्यूओएस १ (पोच मागणारी पातळी) आणि पेलोड १०० धरा: टॉपिकची लांबी २ + टॉपिक २० + पॅकेट आयडी २ + पेलोड १०० = १२४. हा आकडा एका बाइटात मावतो, फिक्स्ड हेडर २, एकूण १२६. पेलोड १०४ झाला की बेरीज १२८, तिला दोन बाइट लागतात, फिक्स्ड हेडर ३ आणि एकूण १३१. ‘फिक्स्ड हेडर म्हणजे २’ असं कोडमध्ये ठोकून दिलेलं असेल तर टेस्टमध्ये सगळं सुरळीत चालतं आणि शेतात एखादा सेन्सर वाढला की बिघडतं. आता ‘एमक्यूटीटी_रेम_लेन’, ‘एमक्यूटीटी_हेडर_लेन’ आणि ‘एमक्यूटीटी_टोटल_लेन’ अशी तीन नावं आहेत, आणि मधल्या नावाचा आकडा कॉन्स्टंट नसून दर वेळी मोजून काढलेला आहे.

त्यातच मराठी मजकुराची भर. पेलोडमध्ये गावाचं नाव ‘रावेर’ असं देवनागरीत गेलं की यूटीएफ-८ मध्ये ते १५ बाइट होतं. पायथनमध्ये त्याच स्ट्रिंगची लांबी विचारली तर ५ मिळते (काना-मात्रा वेगळ्या मोजून), सी मधलं स्ट्रलेन १५ सांगतं. सर्व्हर पायथनमध्ये आणि गेटवे सी मध्ये असेल तर एका बाजूची ‘लांबी’ दुसऱ्या बाजूला चालत नाही. नियमाप्रमाणे पायथनमधला तो आकडा ‘काउंट’, एन्कोड केल्यानंतरचा ‘लेन’. सोपं आहे, पण हे पाळायला लोकांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

आयपीच्या थरात नियमाची गरज गेटवेपेक्षा पॅकेट पकडून तपासणाऱ्या आमच्या टूलमध्ये जास्त. आयपीव्ही४ मधली टोटल लेंग्थ हेडरसकट असते. आयपीव्ही६ मधली पेलोड लेंग्थ ४० बाइटांचं ठरलेलं हेडर सोडून, पण एक्स्टेन्शन हेडर धरून. मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास असल्याने दोन्ही एकाच फंक्शनमध्ये येतात. यूडीपीची लेंग्थ स्वतःचे ८ बाइट धरून; तिथे कोणी ४ लिहून पाठवले आणि न तपासता ८ वजा करून १६ बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये ठेवले तर पेलोड ६५५३२ बाइटांचा होतो. टीसीपीला लांबीचं फील्डच नाही, ती आयपीच्या टोटलमधून दोन्ही हेडर वजा करूनच मिळते. इथे फ्रेमच्या लांबीवरून हिशेब केला तर भुताचे ६ बाइट निघतात: नुसत्या एसीकेचं (टीसीपीच्या पोचपावतीचं) आयपी पॅकेट ४० बाइटांचं, इथरनेट हेडर १४, मिळून ५४, इथरनेटची किमान फ्रेम एफसीएस (शेवटचे तपास-बाइट) सोडून ६०, म्हणून मागे ६ बाइट पॅडिंग. पाठवणाऱ्या मशीनवर पकडलं तर ते बहुधा दिसत नाही, घेणाऱ्या बाजूला दिसतं. म्हणून ‘एथ_फ्रेम_लेन’ हा आकडा आयपीच्या वरच्या कोणत्याही फंक्शनला द्यायचाच नाही.

आता कुरबुरी.

बाहेरच्या लायब्ररींची नावं आपल्या हातात नसतात, आणि तीही एकमेकांशी जुळत नाहीत. लिनक्सच्या एसके-बफमध्ये (कर्नलमधल्या पॅकेटच्या रचनेत) ‘डेटा_लेन’ म्हणजे मुख्य बफरच्या बाहेर, तुकड्यांत असलेले बाइट. डीपीडीके या पॅकेट हाताळणाऱ्या लायब्ररीच्या एमबफमध्ये ‘डेटा_लेन’ म्हणजे याच सेगमेंटमधले बाइट. एका कोडची सवय दुसऱ्यात नेली की फसगत. पीकॅपमध्ये (पॅकेट पकडायच्या लायब्ररीत) ‘कॅपलेन’ पकडलेले बाइट आणि ‘लेन’ वायरवरचे. बफरमध्ये वाचायची हद्द ‘कॅपलेन’च. यावर एकच उपाय चालला: बाहेरचा आकडा हातात आल्या ओळीतच आपल्या नावात घ्यायचा आणि पुढे मूळ नाव वापरायचं नाही.

नावं लांब होतात. ओळीत ८० अक्षरांपर्यंतच लिहायची सवय असलेल्यांनी बरीच कुरकुर केली, त्यात तथ्यही आहे. दहा ओळींच्या स्थानिक फंक्शनला सूट दिली आणि वाद मिटला. जुन्या फाइलींमधली नावं बदलताना तर्कातला कोणताही बदल त्याच कमिटमध्ये घालू नका. नुसत्या नामांतराचं कमिट वेगळं ठेवा आणि त्याचा क्रमांक ब्लेममधून वगळायच्या यादीत टाका; गिटमध्ये ही सोय २.२३ पासून आहे. नाहीतर एखादी ओळ मुळात कोणी आणि का लिहिली, हे शोधणं अवघड होऊन बसतं.

मोठी त्रुटी ही की कंपायलरला या नावांशी काही घेणं-देणं नाही. ‘_वायर’ न तपासता कोणी शेपूट कापून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकला तर सगळं निमूट कंपाइल होतं. बाइट-क्रमही तसाच: १५०० उलटवायचे राहिले तर ५६३२५ दिसतात, आणि तोही १६ बिटांत बसणारा आकडा. म्हणून मॉडबसच्या पार्सरमध्ये ‘_वायर’ आकडे आता एका सदस्याच्या स्ट्रक्टमध्ये ठेवले आहेत. तपासणीच्या फंक्शनमधून गेल्याशिवाय त्यांची बेरीज-वजाबाकी कंपायलर करू देत नाही, आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं की ३२ बिटांच्या कंट्रोलरवर त्याचा वेगळा भार पडत नाही. एमक्यूटीटीच्या बाजूला हे केलेलं नाही, कारण तो कोड तयार लायब्ररीचा आहे आणि तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पॅच पुन्हा बसवत बसायला लागेल.