संतपण की नुसता चांगुलपणा? ठरवण्याआधी

गोव्यात कॅथलिक घराशी सोयरीक जुळू लागली की हा प्रश्न निघतोच: माणूस चांगला असला की झालं ना, वर पावित्र्य कशाला?

निधर्मी नीती माणसामाणसांतलं पाहते: कुणाचं नुकसान झालं, कुणाला दिलेला शब्द मोडला. कॅथलिकांच्या लेखी पावित्र्य ही कमाईच नव्हे. ती बाप्तिस्म्यात मिळणारी देवाची कृपा. माणसाने तिला साथ द्यायची. देव न मानणाऱ्याचा चांगुलपणा चर्च खोटा ठरवत नाही, त्याला तारणाचं, म्हणजे मुक्तीचं, दारही बंद करत नाही.

खरा फरक चूक झाल्यावर दिसतो. समजा, म्हापशाच्या बाजारात एकाने काट्यात मारून गिऱ्हाइकाचे पाचशे रुपये खाल्ले. निधर्मी माणूस पैसे परत करतो, माफी मागतो, सरळ हिशेब. पण गोष्ट कुणाला कळलीच नसेल तर आरोपी, वकील आणि न्यायाधीश तोच, आणि निकाल बहुधा सौम्य लागतो. कॅथलिकाने आधी मनाची झडती घ्यायची, पस्तावायचं, पुन्हा न करण्याचं ठरवायचं, मग कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, जाऊन फादरांना सांगायचं आणि ते देतील ते प्रायश्चित्त करायचं. घोळ होतो तो इथे: कुमसार झाला म्हणजे पैसे फिटले, असं पुष्कळांना वाटतं. फिटत नाहीत. भरपाई करावीच लागते, आणि ती करायची तयारीच नसेल तर फादर पापक्षमा नाकारू शकतात. उलट टोकाची माणसंही असतात, बारीकसारीक गोष्टीत महापाप शोधणारी. महापापाला बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. एक जरी नसलं तरी ते महापाप नव्हे.

संतपद ही निराळी बाब. त्याच्या पायऱ्या असतात: आधी 'पूजनीय', मग 'धन्य', शेवटी संत. गोव्यातल्या बाणावलीत 1651 साली जन्मलेले फादर जुझे वाझ 1995 मध्ये 'धन्य' आणि 2015 मध्ये संत घोषित झाले; संतपदासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यासाठी सोडून दिली. पिलारचे फादर आग्नेल 1986 पासून 'पूजनीय' आहेत. पुढच्या पायरीला चमत्कार लागतो. पण हा मान चर्चने संत म्हणून घोषित केलेल्या मोजक्यांचा. पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांनाच आहे, घरसंसार करणाऱ्यांनाही, असं जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट केलं.

श्रद्धा नसताना केवळ लग्नासाठी बाप्तिस्मा घेऊ नका, त्याची गरजही नाही. बिशपांच्या परवानगीने बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी चर्चमध्ये लग्न लागतं. मात्र मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सारं करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. ते तारीख काढण्याआधी फादरांकडून दोन्ही घरांनी समजून घ्यावं.