गडावरचा स्वयंपाक: काय न्यावे, कशावर भागवावे

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालेल्या सहा-सात जणांच्या गटात शिध्यावरून सहसा वाद होत नाही. वाद होतो तो भांड्यांवरून. एक पक्ष घरचा अर्धा ओटा पाठीवर घेऊ पाहतो, तर दुसऱ्याला वाटते की एक पातेले आणि काडेपेटी असली की बाकी सारे वर मिळते. टोलार खिंडीची चढण पहिल्या पक्षाला शहाणे करते आणि रात्रीचे जेवण दुसऱ्याला, त्यामुळे प्रत्येक वस्तूचा निवाडा वेगळा करावा लागतो.

पोळपाट-लाटणे खुशाल घरी ठेवावे. पालथे घातलेले स्टीलचे ताट आणि पाण्याने भरलेली स्टीलची बाटली एवढ्यावर पोळ्या होतात. बाटली मात्र सरळ अंगाची आणि गुळगुळीत हवी. रिकामी बाटली कणकेवरून नुसती घरंगळते आणि खाचा असलेल्या बाटलीला कणीक चिकटून बसते. त्याहून सोपे म्हणजे ज्वारीचे पीठ नेणे, कारण भाकरी ताटातच थापता येते. पीठ जुने असेल तर ते आधणाच्या पाण्याने मळावे, म्हणजे भाकरी कडेने चिरत नाही. अर्थात, थापता येणारे गटात कोणीतरी हवे. नसल्यास बाटलीच बरी.

खलबत्त्याचा तर विचारही करू नये. तव्यावर मिरच्या आणि लसूण तेलात परतून, मीठ घालून, तिथेच तांब्याच्या बुडाने रगडले की ठेचा तयार होतो. घरीही अनेक जण तो असाच करतात, त्यामुळे याला तडजोड म्हणणेही अवघड आहे.

झाकणाऐवजी ताट चालते, आणि त्यात पाणी ओतून ठेवले तर ते अधिक उपयोगी पडते: आतली वाफ ताटाच्या गार बुडाला लागून पुन्हा खाली ठिबकते, आणि वरचे कोमट झालेले पाणी भाजीत घालता येते. ताटावर दगड ठेवला म्हणजे प्रेशर कुकर झाला, हा समज मात्र खोटा आहे. गडाची उंची सुमारे १४२४ मीटर असून तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे तुरीची डाळ तासभर छळते. कुकर नेणार नसाल तर मुगाची डाळ न्यावी आणि ती आधी भिजवावी.

सांडशीला मात्र पर्याय नाही. एकदा ती विसरल्यावर मी ओला पंचा दुमडून खिचडीचे पातेले उचलले. ओल्या कापडातून उष्णता झपाट्याने आत शिरते, हे पुस्तकात वाचलेले ज्ञान दोन पावलांत बोटांपर्यंत पोहोचले आणि निम्मी खिचडी गुहेच्या दारात सांडली. कोरडे, जाड, सुती फडके क्षणभर निभावते. सांडशी वजनाने किरकोळ असते आणि खात्रीने पकडते.

डावाच्या जागी फांदी वापरण्याचा सल्लाही मी देणार नाही. काठीने खिचडी ढवळली जाते, पण तळ खरवडला जात नाही, म्हणून ती खाली लागतेच. शिवाय ओळख न पटता तोडलेली काठी कण्हेरीची निघाली तर ते विष अन्नात उतरू शकते. हलका डाव पिशवीच्या कडेला सहज मावतो.

चुलीचे गणित निराळे आहे. तीन दगडांची चूल फुकट आणि भक्कम असते, परंतु ओढ्यातले दगड घेऊ नयेत: त्यांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतात आणि त्यांच्या ढलप्या उडतात. शिवाय हा गड अभयारण्यात येतो, त्यामुळे तिथे चूल पेटवण्याचा विचार सोडून वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. मला छोटा गॅस स्टोव्हच पटतो. वारा अडवायला दगड रचायचे असतील तर ते एकाच बाजूला रचावेत. चारही बाजू बंद केल्यास स्टोव्हचा गॅसचा डबा तापतो आणि तो फुटण्याचा धोका असतो.

गाळणी नेण्याची गरज नाही. चहा उतरवून वरून थोडे गार पाणी शिंपडले की पूड तळाशी बसू लागते आणि हलक्या हाताने ओतल्यास पहिले पाच-सहा पेले बऱ्यापैकी स्वच्छ निघतात. तळाचा पेला सांडशी विसरणाऱ्याला द्यावा.