हिंगणघाटचं वावर की चौरासची बांधी? शनिवार-रविवारच्या बलूनसाठी तळ कुठे टाकावा

गरम हवेचा बलून आहे, परवानाधारक वैमानिक आहे, दोर धरायला आणि कापड गुंडाळायला पाच-सहा हौशी मित्र आहेत. मग सुट्टीच्या दिवशी उडायचं कुठून? नागपूरकडच्या मंडळींसाठी दोन पट्टे समोरासमोर ठेवतो. एक वर्धा जिल्ह्यातला हिंगणघाट-समुद्रपूरचा कापूस-सोयाबीनचा. दुसरा भंडारा जिल्ह्यातली पवनी-लाखांदूरची चौरास, म्हणजे वैनगंगेकाठचा धानाच्या बांध्यांचा (बांध घातलेल्या छोट्या शेतांचा) सपाट मुलूख. दोन्हीकडे मी क्रूमध्ये राबलो आहे आणि दोन्ही मला मनापासून आवडतात.

वरून काय दिसेल, हे सगळेच आधी विचारतात. माझ्या मते तळ त्यावर ठरवू नये. बलूनला सुकाणू नसतं. उंची बदलून वेगळ्या दिशेचा वारा पकडता येतो, तेवढंच हातात. त्यामुळे खरे प्रश्न तीन: वारा नेईल त्या बाजूला उतरायला रिकामं वावर आहे का, बलूनमागे रस्त्याने येणारी खालची गाडी तिथवर पोचेल का, आणि वावराचा मालक पुढच्या रविवारी आपल्याला पुन्हा येऊ देईल का.

हंगाम दोन्हीकडे एकच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. 2200 घनमीटरच्या बलूनमधली हवा 100 अंशांपर्यंत तापवली, तर बाहेर 12 अंश असताना तो सुमारे 600 किलो उचलतो. बाहेर 35 अंश असतील, तर सव्वाचारशेच्या आसपास. कापड, टोपली, बर्नर आणि भरलेले सिलिंडर यांचंच वजन तीनशे किलोच्या घरात जातं. म्हणजे थंडीत वैमानिकासोबत तिघं जाऊ शकतात, उन्हाळ्यात जेमतेम एक. शिवाय मार्चपासून हवा तापून लवकर उसळते आणि अवकाळीचा भरवसा नसतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याच वेळी उडायचं आणि साडेआठपर्यंत जमिनीवर यायचं.

आता उतरण्याचं बघू, कारण सगळा फरक तिथेच आहे.

हिंगणघाटकडे वावरं मोठी, जमीन सपाट, झाडं तुरळक. नकाशावर बघितलं तर याहून सोपा प्रदेश नाही. पण डिसेंबरात पऱ्हाटी (कापसाची झाडं) फुटलेली असते, वेचणी चालू असते. टोपली अशा वावरात टेकून दहा-पंधरा मीटर ओढली गेली, तर झाडं मोडतातच, वर बोंडातला पांढरा कापूस काळ्या मातीत मिसळतो. त्याला मग भाव येत नाही. सोयाबीन निघालेलं वावर उंचावरून रिकामं वाटतं, पण खाली येऊ लागलं की त्यात तुरीची तासं (ओळी) उभी दिसतात. नव्या वैमानिकाला हे शेवटच्या पन्नास मीटरवर कळतं आणि मग घाईने बर्नर पेटवून पुढचं वावर शोधावं लागतं. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप पसरलेले असतात, ते वेगळंच. जानेवारीच्या अखेरीस तूर निघते, बरीच पऱ्हाटी उपटली जाते आणि हा पट्टा हळूहळू मोकळा होत जातो. ओलिताखालची फरदड (त्याच झाडांवरचा पुढचा कापूस) तेवढी मार्चपर्यंत राहते.

चौरासचं गणित उलटं आहे. धान नोव्हेंबरात कापला जातो, कडपा (कापून पसरलेला धान) वाळतात, पुंजणे (धानाच्या गंजी) रचले जातात, मळणी होते. डिसेंबरच्या मध्यापासून बऱ्याच बांध्या रिकाम्या असतात. जिथे ओल टिकते तिथे लाखोळी, हरभरा, जवस असतो, पण तो हिरवा पट्टा वरून स्पष्ट ओळखता येतो. फसगत होत नाही. हे सुख जानेवारी सरेपर्यंतच. पुढे कालव्याचं पाणी आलं की उन्हाळी धानाची रोवणी सुरू होते आणि चिखलात कोण उतरणार?

बांधीत उतरताना अडचण धुऱ्यांची, म्हणजे बांधांची. फूट-दीड फूट उंचीचे धुरे दर काही पावलांवर आडवे येतात. वारा थोडा जरी असला, तरी टोपली धुऱ्याला अडकून आडवी पडते. आतल्यांनी गुडघे वाकवून, आतल्या दोऱ्या घट्ट धरून, बलूनच्या जाण्याच्या दिशेकडे पाठ करून उभं राहायचं आणि वैमानिक सांगेपर्यंत कोणी बाहेर उडी मारायची नाही. एक जण उतरला की तेवढं वजन कमी होऊन बलून बाकीच्यांना घेऊन परत उठू शकतो. दुसरी काळजी आगीची. लाखांदूरकडे एका सकाळी आम्ही खाली येत होतो, तर धुऱ्यावर उभे असलेले एक काका गळ्यातला दुपट्टा काढून जोरजोरात हलवत ओरडत होते, "इकडं या जी, इकडं! तिकडं पुंजना हाये!" उगवतीचं ऊन डोळ्यांवर असल्यामुळे तो पुंजणा आम्हाला दिसलाच नव्हता. आठवडाभर आधी गावात जाऊन बोलून आलो होतो, म्हणून ते काका तिथे होते. बर्नरची ज्योत माणसापेक्षा उंच असते आणि पुंजणा म्हणजे एका घराचं वर्षाचं धान्य.

विजेच्या तारा दोन्हीकडे आहेत आणि बलूनला त्यांच्याइतका धोका कशाचाच नाही. मोठे मनोरे दिसतात. खरी भीती कृषीपंपांच्या लाइनची, कारण तार सकाळच्या उजेडात दिसत नाही. म्हणून तार शोधू नये, पोल शोधावेत आणि दोन पोलांमध्ये तार आहे असंच धरून चालावं. विहीर दिसली की तिथवर लाइन आलेली आहे असंच समजावं. हिंगणघाटकडे विहिरी आणि पंप जास्त, त्यामुळे हे जाळंही दाट. शिवाय रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर झटका मशीनची तार ओढलेली असते. क्रूने अंधारात वावरातून पळायचं नाही, टॉर्च मारत चालायचं. बिनकठड्याच्या विहिरी दोन्हीकडे आहेत.

गाडीच्या बाबतीत हिंगणघाट सरळ वरचढ. राष्ट्रीय महामार्ग 44 जवळ, गावागावाला डांबरी रस्ता, पुढे शेतात जाणारी पांदण. कोरड्या दिवसांत पिकअप वावराच्या तोंडापर्यंत जाते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालायची नाही, पण अशा दिवशी उड्डाणही नसतंच. फक्त तळ उत्तरेला सेलूकडे सरकवू नका. तिथे समृद्धी महामार्ग आडवा येतो. बलून तो दोन मिनिटांत ओलांडतो आणि गाडी भुयारी रस्ता शोधत फिरत बसते. बोरचं जंगलही त्याच बाजूला आहे.

चौरासमध्ये नदी हाच मोठा अडसर आहे. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो. लाखांदूरहून उडालं की तो वैनगंगेकडे आणि पलीकडे ब्रह्मपुरीकडे नेतो. पूल मोजके. बलून पलीकडे आणि गाडी अलीकडे, असं झालं की क्रूला मोठा वळसा पडतो. आणि ब्रह्मपुरीचा भाग वाघांसाठी ओळखला जातो, तेही अभयारण्याबाहेर, शेतांच्या कडेला. पवनीच्या पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहेच. फुकट राबायला आलेल्या मित्रांना पहाटे तसल्या रानाच्या काठी पायी कापड गोळा करायला पाठवणं मला मान्य नाही. म्हणून चौरासमध्ये नियम कडक हवा: नदीच्या अलीकडे उतरता येईल एवढाच वारा असेल तर उडायचं. जमिनीवर पान हलत नसलं, तरी दीडशे-दोनशे मीटरवर ताशी 25 किलोमीटरचा वारा असू शकतो. निघण्याआधी हेलियमचा एक साधा फुगा सोडून तो कुठे आणि किती वेगाने जातो, ते बघितल्याशिवाय बलूनमध्ये हवा भरायचा पंखासुद्धा सुरू करू नये. तळी आणि नदीमुळे धुकंही इकडे जास्त. काही सकाळी नुसता चहा पिऊन परत फिरावं लागतं.

बैलांचं दोन्हीकडे सारखंच. बर्नरच्या आवाजाने जोडी बुजते, दावं तोडते. गोठ्यावरून जाताना उंची राखावी आणि बर्नरला कमी आवाजाची ज्योत असेल तर तीच वापरावी. तळ्यांवर हिवाळी पाहुणे पक्षी असतात, त्यांच्यावरून खाली उतरूच नये.

प्रोपेन नागपूरहूनच आणायचं. घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन मिसळलेलं असतं, थंडीत त्याचा दाब पुरत नाही. हिंगणघाट जवळ, लाखांदूर लांब. विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी आणि पोलिसांना सूचना दोन्हीकडे लागते.

माझं मत असं. क्रू नवा असेल, गाडी एकच असेल, तर हिंगणघाट-समुद्रपूर घ्या, पण डिसेंबरात नको. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत उडा. त्याआधीचे रविवार गावात ओळखी करण्यात, पोल आणि विहिरी नकाशावर टिपण्यात आणि बलून दोरांनी बांधून सराव करण्यात घालवा. दोन गाड्या असतील, एक नदीपलीकडे उभी ठेवता येत असेल आणि क्रूमध्ये चौरासच्या गावातली दोन-तीन मुलं असतील, तर मात्र डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर लाखांदूर. त्या मुलांना पहिल्यांदा टोपलीत घ्या, शहरातल्या मित्रांचा नंबर नंतर.

नुकसानभरपाई कोण देणार आणि किती, हे पहिल्या उड्डाणाआधी सरपंचासमोर ठरवून घ्या. रोख रक्कम खालच्या गाडीत ठेवा आणि मालक वावरात येईपर्यंत तिथून हलू नका.